दोन एकरांमागे एक नोकरी

चंद्रपूरजवळून एक वीजवाहिनी निघते, अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडते आणि कल्याणजवळच्या पडघ्याला जाऊन थांबते. अंतर साधारण ७५२ किलोमीटर. १९९९ साली ती सुरू झाली. ५०० किलोव्होल्ट दाबाचा एकदिश प्रवाह तिच्यातून जातो, एका वेळी १५०० मेगावॉटपर्यंत. या वाहिनीला वाटेत फाटे नाहीत. इकडे चढवलेली वीज तिकडेच उतरते. मधल्या कितीतरी गावांच्या वावरांत तिचे मनोरे उभे आहेत, मनोऱ्याच्या चार पायांमध्ये लोक तूर-सोयाबीन पेरतात, पण त्या तारेतली वीज त्यांच्यासाठी नसते.

मी ठाण्यात राहते आणि माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातलं, वर्धा नदीच्या काठच्या कोळसापट्ट्यातलं. म्हणजे या वाहिनीच्या एका टोकाला माझं बालपण आणि दुसऱ्या टोकाला माझं घर. माझ्या घरातला दिवा नेमका कुठल्या केंद्रातल्या विजेवर लागतो हे कुणालाच सांगता येणार नाही, ग्रीडमध्ये सगळी वीज एक होते. तरी एक हिशेब मला येतो. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला सरासरी पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख फार, तीस-चाळीस टक्के सहज. म्हणजे दर युनिटमागे पाव किलो राख उरते. दीड टनाचा एसी तासभर चालला की साधारण एक युनिट पडतं. रात्रभर एसी लावून झोपलं, तर सकाळपर्यंत कुठल्या तरी केंद्राच्या राखेत माझी दोन किलो भर पडलेली असते. विजेच्या बिलावर युनिटं छापून येतात, राखेचा रकाना नसतो. खाणीच्या बाबतीत काय मोजलं जातं आणि काय मोजायचं राहून जातं, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही.

नकाशा समोर घेतला की पहिली गोष्ट दिसते ती अशी, की खनिजं सगळ्यांच्या वाट्याला सारखी आलेली नाहीत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले आणि आजच्या महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग काळ्या कातळाखाली गेला. त्याखाली काय आहे ते खालीच राहिलं. जिथे हा कातळ पोचला नाही किंवा झिजून गेला, तिथले जुने खडक उघडे पडले आणि आपली बहुतेक खनिजं तिथे सापडली. नागपूर-भंडाऱ्याचं मँगनीज, चंद्रपूर-वणी-उमरेडचा कोळसा, चंद्रपूरचा चुनखडक, गडचिरोलीचं लोखंड. दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्गात रेडीचं लोखंड आणि कासार्ड्याची सिलिका वाळू. कोल्हापूरच्या पठारांवरचं बॉक्साइट हा अपवाद, ते कातळ कुजूनच तयार झालं. देशाच्या नकाशावरही तीच तऱ्हा. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड, पूर्व विदर्भ हा सगळा जुन्या खडकांचा पट्टा. इथेच दाट जंगल आहे आणि इथेच आदिवासींची गावं आहेत. तीन वेगवेगळे नकाशे एकमेकांवर ठेवले तर रंग एकाच जागी येतात.

उपयोगांची यादी करायला बसलं तर घरातली वस्तू न वस्तू मोजावी लागेल. मँगनीजचं तेवढं सांगते, कारण ते आपल्या जवळचं आणि कुणाच्या फारसं लक्षात नसलेलं. पोलादात गंधकाचा अंश राहतो आणि त्यामुळे ते तापवून लाटताना तडकतं. मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतं. रेल्वेचा रूळ, पुलाची सळई, स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडर, यांतल्या एकाचंही त्यावाचून चालत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायॉक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातं. लहानपणी लोडशेडिंगच्या रात्री आजीच्या हातातली बॅटरी विदर्भातल्याच मातीवर चालत असेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर किती आवडलं असतं.

पण मला कोळशाबद्दल लिहायचं आहे, कारण तो मी जवळून पाहिला आहे. मोठ्या मामांच्या घरी खिडकीत कोळशाचं एक ढेकूळ ठेवलेलं असायचं. एका कडेने पाहिलं तर त्यात आडव्या पट्ट्या दिसायच्या. काही पट्ट्या काचेसारख्या चकचकीत, त्यांवरून बोट फिरवलं तरी बोट स्वच्छ राहायचं. मधेच एखादा मखमली, मऊ थर, त्याला हात लागला की बोट काळं. आणि सगळ्या पट्ट्यांना काटकोनात छेदून जाणाऱ्या बारीक भेगा. ढेकळाच्या खालच्या बाजूला राखाडी शेल खडकाचा तुकडा चिकटलेला होता आणि त्यावर एक पान उमटलेलं. जिभेच्या आकाराचं, मधे ठळक शीर, दोन्ही बाजूंना जाळीसारख्या शिरा. ग्लोसॉप्टेरिस. पंचवीस कोटी वर्षांहून जुनं झाड. त्या काळात पृथ्वीवर फूल नव्हतं, गवत नव्हतं, पक्षी नव्हता. दलदलीत ही झाडं पडत गेली, गाळाखाली दबत गेली आणि त्यांचा कोळसा झाला. मामांना शास्त्र ठाऊक नव्हतं, पण पाहुण्यांना ते पान ते आवर्जून दाखवत. ‘वावरातल्या पानाइतकं कोवळं हाय पाहा,’ म्हणत.

या पट्ट्यात खाण ही जुनी गोष्ट आहे. १८७० च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे आणली गेली, आणि १९०६ साली ती खाण बंदही झाली. पस्तीसेक वर्षांचं आयुष्य. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, राजूर, माजरी अशा खाणी निघत गेल्या. १९७३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत वेकोलि, या भागातली मोठी मालक झाली. माणसं मात्र अजून ‘कॉलरी’च म्हणतात. मुलगा कॉलरीत लागला, म्हणजे घर मार्गी लागलं.

जुन्या खाणी भूमिगत होत्या. उतरत्या बोगद्याने खाली जायचं, कोळसा कापत पुढे सरकायचं आणि छत तोलायला कोळशाचेच खांब मागे सोडायचे. नंतर यंत्रं आली, मागणी वाढली आणि खुल्या खाणींचं युग आलं. खुल्या खाणीत जमीन पूर्णच उचलली जाते. सगळ्यात वर काळी माती, जी तयार व्हायला हजारो वर्षं लागतात आणि जिच्यात कपाशीची पऱ्हाटी कंबरेइतकी होते. तिच्याखाली पिवळी माती, मग वाळूचा खडक, आणि मग कोळसा. एक टन कोळशासाठी वरची किती माती उपसावी लागते यावर खाण परवडते की नाही हे ठरतं. उपसलेल्या मातीला सगळे ओबी म्हणतात. ओबीचे ढिगारे वाढत वाढत टेकड्यांएवढे होतात. सपाट मुलखात वाढलेल्या आमच्यासारख्यांना पूर्वी टेकडी पाहायला लांब जावं लागायचं. आता वणीच्या आसपास क्षितिजावर सगळीकडे सपाट माथ्याच्या, एकसारख्या उताराच्या टेकड्या दिसतात आणि नवख्या माणसाला त्या खऱ्याच वाटतात.

आजोळच्या गावात खाण आली त्याच्या बऱ्याच आधी शेजारच्या गावात आली होती. तिचा पहिला परिणाम पाण्यावर झाला. खाणीचा खड्डा हा त्या परिसरातला सगळ्यात खोल खड्डा. आजूबाजूचं जमिनीतलं पाणी झिरपत तिकडे जातं, आणि खाण चालू ठेवायची तर ते रात्रंदिवस उपसावं लागतं. उपसलेलं पाणी नाल्यात सोडलेलं असायचं. त्यामुळे मे महिन्यात, आधी कधीच न वाहणारा नाला वाहताना दिसायचा आणि त्याच नाल्याच्या धुऱ्यावरची मामांची विहीर कोरडी. मग धूळ. कापसाच्या बोंडावर बसलेली धूळ झटकून जात नाही. व्यापारी कापूस हातात घेऊन बोटांनी उकलतो, आत डोकावतो आणि भाव पाडतो. मग दुपारचं ब्लास्टिंग. आधी भोंगा व्हायचा, थोडा वेळ सगळं थांबायचं आणि मग फळीवरची भांडी किणकिणायची. आजी त्या वेळेला चुलीवरचं दूध उतरवून ठेवायची.

याचा पुढचा टप्पा बाहेरच्यांना ठाऊक नसतो. खाणीच्या गावात मोर्चा निघाला म्हटलं की लोकांना वाटतं, जमीन देणार नाही म्हणत असतील. आमच्या भागात कितीतरी मोर्चे उलटे निघाले, आमचीही जमीन घ्या म्हणून. विहीर आटलेली, भिंतीला भेगा, कापसाला भाव नाही, पोराला मुलगी कुणी देत नाही कारण गाव आज ना उद्या उठणार. अशा वावराला धरून बसण्यात कास्तकाराला काही राम राहत नाही. संपादनाच्या कागदांवर ‘संमती’ लिहिलेली असते, ती खरीच असते. ती कशी तयार झाली ते कागदावर नसतं.

कोळशासाठी जमीन घेण्याचा कायदा १९५७ चा आहे. त्या कायद्याने घेतलेली जमीन कायमची जाते. खाण संपल्यावर ती मूळ मालकाकडे परत येण्याची सोय त्यात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे नियम कोळशाच्या जमिनींना २०१५ पासून लागू झाले, तोपर्यंत कोळसापट्ट्यातल्या गावांना त्यांचाही आधार नव्हता. नोकरीचं मोजमाप वेगळं. कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणानुसार दर दोन एकरांमागे एक नोकरी. आमच्या भागात दोन एकर हे लग्नाच्या बैठकीत, भावकीच्या भांडणात, बँकेत, सगळीकडे एकक झालं आहे. पावणेदोन एकरवाला पाव एकर शोधत फिरतो. ज्याच्याकडे वीस-तीस गुंठे आहेत ते दोघं-तिघं एकत्र येऊन दोन एकर पुरे करतात, एकाच्या पोराला नोकरी लागते आणि बाकीच्यांना तो पैसे देतो. यात पुढे काय काय होतं हे वणीच्या कोर्टातले वकील सांगू शकतील.

माझ्या आजोबांचं सहा एकर. वारस चार: दोन मामा, माझी आई आणि मावशी. आजोबा गेल्यावर आईने आणि मावशीने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. आमच्याकडे बहिणी करतातच. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला आहे हे दोघींनाही माहीत होतं, आई तर शिकलेली होती. पण भावाचं दार उघडं राहायला हवं, दिवाळीला, पंचमीला हक्काने जाता यायला हवं, म्हणून सही. त्या सहीत जबरदस्ती नव्हती, माया होती, हे मी शपथेवर सांगेन. सह्यांनंतर काही वर्षांनी खाण आली. सहा एकर म्हणजे तीन नोकऱ्या. मामांचे मिळून मुलगे तीन. हिशेब बरोबर बसला. मोबदलाही त्यांच्याच खात्यात आला, कायद्याने तो त्यांचाच होता.

मावशीचा मुलगा तेव्हा वणीत मोबाइल रिचार्जच्या दुकानात बसत होता. मावशी एकदाच माहेरी जाऊन बोलली. तिचं बोलणं आईने मला सांगितलं ते असं: ‘सही केली तवा वावर होतं, माय. वावर भावापाशीच शोभते. आता ते वावर राह्यलं कुठी? आता तं पैसा होय.’ मोठे मामा खाली मान घालून बसून राहिले. लहान मामी आत निघून गेल्या. त्यानंतर मावशी त्या घरी गेली नाही. आई जाते, पण राखीला मुक्काम करत नाही. मामा वाईट माणसं नाहीत. माझ्या इंजिनीअरिंगची पहिली फी मोठ्या मामांनी कापूस विकून भरली होती. मला वाटतं, मावशीने दोन वेगळ्या गोष्टींमधला फरक बरोबर ओळखला होता. शेत भावाकडे असलं तरी त्यातून बहिणीकडे वर्षभर काही ना काही येत असतं: तुरीची डाळ, ज्वारीचा कट्टा, बाळंतपणाला माहेर, भाच्याच्या शिक्षणाला हातभार. सातबाऱ्यावर नाव नसतानाही त्या जमिनीत तिचा वाटा चालू असतो. जमीन रुपयांत आणि नोकरीत बदलली की वाटा नावापुरताच उरतो, आणि ज्याचं नाव नाही त्याचा संपतो. या व्यवहारात कुणी कुणाला फसवलेलं नाही. तरी एक बाई स्वतःच्या माहेरातून उठली.

सातबाऱ्यावर नाव नसलेली आणखी एक बाई होती. तिला आम्ही सगळी मुलं काकूच म्हणायचो. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की ती चार-पाच जणींना घेऊन यायची. कमरेला ओटी बांधायची, दोन्ही हातांनी दोन बोंडं एकदम उकलायची, आणि संध्याकाळी तराजूशी उभी राहून किलोवर मजुरी घ्यायची. वेचणी संपली की तूर सोंगणी, मग हरभरा. तिच्या मालकीचं एक गुंठाही नव्हतं, पण गावातल्या जमिनीवर तिचं वर्ष उभं होतं. जमिनी गेल्या तेव्हा मामांना मोबदला मिळाला, मुलांना नोकऱ्या लागल्या. काकूंना काय मिळालं? आता त्या सात-आठ जणींबरोबर ऑटोत कोंबून बसून लांबच्या गावी वेचणीला जातात आणि ऑटोचं भाडं मजुरीतून कापलं जातं.

मी २०१३ चा कायदा वाचला तेव्हा मला आश्चर्य वाटलं, कारण काकू त्यात आहेत. संपादनाच्या आधी तीन वर्षं त्या भागात काम करून ज्यांचं पोट प्रामुख्याने तिथल्या जमिनीवर चालत होतं, अशा भूमिहीन शेतमजुराचं कुटुंबही बाधित कुटुंब धरावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. लिहिणाऱ्याला गाव माहीत होतं. पण तीन वर्षं काम केल्याचा पुरावा काय द्यायचा? वेचणीची हजेरी कुठल्या रजिस्टरात असते? मामांच्या वहीत असायची, पेन्सिलीने. ‘काकू १४ किलो’. हंगाम संपला की त्या वहीची पानं आजी चुलीत घालायची.

खाणीने दिलं काय, हेही सांगायला हवं. तीनही मामेभावांना कायमची नोकरी आहे. एक डंपर चालवतो, एक वजनकाट्यावर आहे, एक वर्कशॉपमध्ये. पगार असा की गावात दुसऱ्या कुठल्या कामात तेवढा मिळत नाही. मोठ्याची मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते आहे. खाणीच्या दवाखान्यात लहान मामींचं ऑपरेशन झालं. कर्जापायी माणसं गमावलेल्या या जिल्ह्यात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पैसा म्हणजे काय, हे मला ठाण्यात बसून कुणी शिकवू नये. देश वर्षाला १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढतो आणि विजेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग अजून त्यावर चालतो. उद्या खाणी बंद करा असं मी म्हणणार नाही. मामेभावांच्या तोंडावर तर नाहीच.

पण त्या नोकऱ्यांची दुसरी पिढी नाही. दोन एकर पुढच्या पिढीला देता येतात. ही नोकरी साठाव्या वर्षी संपते, आणि तोवर खाणीचं काय होतं ते वेगळंच. आणि राहायचं कुठे, तर त्याच हवेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं, १०० पैकी ८३.८८ गुणांनी. त्यानंतर काही काळ तिथे नव्या उद्योगांना परवानगी बंद होती. शहराच्या कडेला २९२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र, भोवती कोळसा खाणी, जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने. इरई नदीच्या पात्रालगत ओबीचे ढिगारे उभे राहिले, पात्र आवळलं गेलं, आणि मोठा पाऊस झाला की पाणी रहमतनगरासारख्या सखल वस्त्यांमध्ये शिरतं. ढिगाऱ्यांवर झुडपं माजतात आणि ताडोबाचे वाघ-बिबटे त्या आडोशाने दुर्गापूरच्या वस्तीपर्यंत येतात. तिथे माणसं मेली आहेत. जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये पूर्वी शेतं होती, उघडी जमीन होती, दोघांनाही एकमेकांचा अंदाज यायचा.

भूमिगत खाणीचं देणं तर कितीतरी वर्षांनी फिटायला येतं. घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई वॉर्डातलं एक घर पाहता पाहता जमिनीत गेलं. घरचे लोक वेळेवर बाहेर पडले म्हणून वाचले. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण आहे. कोळसा काढल्यावर पोकळीत वाळू भरायची, खांबांना हात लावायचा नाही किंवा लावला तर वरची जमीन रिकामी ठेवायची, हे खाणकामातले साधे नियम आहेत. पण खाली कोळसा कापणाऱ्या पिढीचा आणि वर घर बांधणाऱ्या पिढीचा एकमेकांशी संबंध राहत नाही. जुने नकाशे कचेरीत असतात आणि घराचा पाया गवंडी घालतो.

कोळसा खाण बंद करताना काय करायचं याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने काढली ती २००९ साली. वरोऱ्याची खाण बंद पडून तेव्हा शंभर वर्षं होऊन गेली होती. त्या वेळच्या नियमानुसार खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी एक लाख रुपये, २००९ च्या भावाने, दरवर्षी थोडे थोडे वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि बंद करण्याची कामं केली की ते परत घ्यायचे. नियम चांगला आहे. ओबीवर माती पसरायची, झाडं लावायची, खड्ड्याला कुंपण घालायचं, शक्य तिथे पाणी साठवायचं. काही ठिकाणी बागा झाल्या आहेत, आणि त्या चांगल्या झाल्या आहेत, मी पाहिल्या आहेत. पण बंद झालेल्या खाणीवर मजूर म्हणून, शेतकरी म्हणून पुन्हा कोण उभा राहील, याची ओळ मला त्या तत्त्वांत सापडली नाही. जमीन सुधारून कुणाला द्यायची हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, कारण ती कंपनीचीच असते.

२०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी सुरू झाला. खाणमालक सरकारला जी रॉयल्टी देतो तिच्या ३० टक्के, आणि लिलावाने दिलेल्या नव्या खाणींच्या बाबतीत १० टक्के, एवढी रक्कम त्याने आणखी भरायची आणि ती खाणबाधित भागांवर खर्च व्हायची. मूळ नियमांप्रमाणे किमान ६० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण यांसाठी. कल्पना मोलाची आहे, कारण देशात पहिल्यांदाच कायद्याने मान्य केलं की खनिजाच्या पैशावर खाणीशेजारच्या माणसाचा वेगळा हक्क आहे. पण पैसा गावाच्या, जिल्ह्याच्या नावाने येतो आणि रस्ता, सभागृह, इमारत यांत दिसतो. काकूंचं नाव तिथेही कुठे नाही. रस्ता गुळगुळीत झाला आहे, त्यावरून त्यांची ऑटो जाते.

हे सगळं आता लिहिण्याचं कारण गडचिरोली आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात चांगल्या प्रतीचं हेमेटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज आहे. २००७ साली तिथे लीज दिली गेली. २०१६ च्या डिसेंबरात माओवाद्यांनी वाहनं जाळली, काम थांबलं आणि २०२१ मध्ये पुन्हा जोरात सुरू झालं. मग वर्षाला ३० लाख टनांची क्षमता १ कोटी टनांवर नेण्याला मंजुरी मिळाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला पोलादाचा प्रकल्प उभा राहतो आहे. त्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, आसपासच्या गावांची माणसं डोंगर चढून येतात. वणीत साठ-सत्तर वर्षांत हळूहळू जे घडलं ते तिथे फार थोड्या वर्षांत घडणार आहे, आणि बाधितांच्या याद्या होणार आहेत.

गडचिरोलीत एक गोष्ट अशी आहे जी वणीत कधीच नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या गावांत याच जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) आहे, २००९ साली. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना तो हक्क मिळाला. तो एकाच्या नावावर नसतो, गावाच्या नावावर असतो. त्यात जमीनवाला आणि बिनजमीनवाला असा फरक नाही, आणि सासरी आलेली सूनही ग्रामसभेची सभासद असते. ग्रामसभेच्या होकाराशिवाय जंगल खाणीला देता येणार नाही, असं सांगणारं केंद्राचं परिपत्रकही २००९ सालीच निघालं होतं. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइट काढायचं की नाही हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांवर सोपवला, आणि बारा गावांच्या ग्रामसभा भरल्या आणि बाराही नाही म्हणाल्या. सुरजागडच्या परिसरातल्या सगळ्यांनी नाहीच म्हणावं, असं माझं म्हणणं नाही. तिथेही नोकरी हवी असलेले तरुण आहेत, मी त्यांना काय सांगणार? हो म्हणायचं की नाही हे त्यांना धाक न दाखवता विचारलं जावं, एवढंच मी म्हणेन. आणि हो म्हटलं, तर मग मोजणी कशाने होणार हे त्यांनी आधी विचारून घ्यावं.

मे महिन्यात तिथे तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा हंगाम असतो. ज्या ग्रामसभा स्वतः तेंदूचा व्यवहार करतात त्या रोज संध्याकाळी फडीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी बसून कुणी किती पुडे आणले ते नावानिशी लिहून घेतात, कारण पैसे त्यावर वाटायचे असतात. पुडे बांधणाऱ्यांत बाया जास्त असतात. त्यांची नावं त्या वहीत असतात, वर्षानुवर्षांची, आकड्यांसकट. काम केल्याचा तीन वर्षांचा पुरावा कायद्याला हवा असेल तर तो तिथे लिहिलेला आहे, शाईने. बाधितांची यादी करायला जो कुणी अधिकारी एटापल्लीला जाईल त्याने सातबारे मागवण्याआधी ती वही मागवावी, आणि ग्रामसभांनी ती आतापासून जपून ठेवावी.